ज्याचं जळतं त्याला कळत नाही

कोठाराच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं आणि डॉ. पॉल ब्रँड बराच वेळ त्याच्याशी झटापट करत होते. मद्रास इलाख्यातली कुष्ठरुग्णांची वस्ती. डॉक्टर पेशाने सर्जन, पण त्याआधी सुतारकाम आणि गवंडीकाम रीतसर शिकलेले, त्यामुळे मनगटात जोर होता. तरी किल्ली फिरेना. तेवढ्यात दहाएक वर्षांचा एक किडकिडीत रुग्ण मुलगा पुढे आला, मी बघतो म्हणाला आणि एका हिसक्यात कुलूप उघडून मोकळा झाला. डॉक्टर चकित झाले. मग त्यांना जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. मुलाचं बोट धरून पाहिलं तर किल्लीच्या कडेने कातडी आणि मांस कापत पार हाड उघडं पडलं होतं. मुलगा मात्र, काही विशेष घडलंच नाही अशा चेहऱ्याने उभा होता.

त्या मुलाच्या अंगात डॉक्टरांपेक्षा जास्त ताकद होती असं नाही. कोणताही धडधाकट माणूस तेवढा जोर लावू शकतो, पण बोटात कळ आली की हात आपोआप सैल पडतो. मुलाला कळ येतच नव्हती, म्हणून त्याच्या हाताला लगाम नव्हता. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ असं आपण सहज म्हणून जातो. कुष्ठरोगात नेमकं तेच होत नाही. जळतं त्याचं, कळतं बघणाऱ्याला.

दुःखाचं काय करायचं, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनी दोन हजार वर्षं निरनिराळ्या तोंडांनी विचारला आहे. बहुतेकांनी त्याचं उत्तर दुःख भोगणाऱ्या माणसांकडे पाहून शोधलं. ब्रँड यांना ते सापडलं ज्यांना दुखतच नाही अशा माणसांमध्ये. त्यामुळेच त्यांची गोष्ट जरा वेगळी आहे.

पॉल ब्रँड यांचा जन्म 1914चा, तामिळ मुलखातल्या कोल्ली मलई डोंगरातला. आई एव्हलिन आणि वडील जेसी दोघेही मिशनरी. नवव्या वर्षी पॉलला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडलं आणि त्यानंतर बापलेकांची भेट झालीच नाही. 1929 साली जेसी ब्रँड डोंगरातच मलेरियाच्या एका जीवघेण्या प्रकाराने गेले. बातमी तारेने आली. टपाल मात्र बोटीने यायचं, त्यामुळे वडील गेल्याचं कळल्यानंतरही त्यांचं पत्र मुलाच्या हातात पडलं. चौदा वर्षांच्या पोराला ते वाचताना काय वाटलं असेल, हे सांगायला नको.

वडिलांप्रमाणे तोही आधी बांधकाम शिकला. मग लंडनला डॉक्टर झाला, युद्धातल्या बाँबवर्षावात शस्त्रक्रियेचे धडे गिरवले आणि 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाला. आयडा स्कडर यांनी 1900 साली एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्याचं तोवर मोठं इस्पितळ झालं होतं. कुष्ठरोगाशी ब्रँड यांचा तेव्हा काही संबंध नव्हता. तो आला चिंगलपुटच्या कुष्ठरोग आश्रमात. तिथले प्रमुख डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना वस्ती दाखवायला नेलं. फिरता फिरता ब्रँड यांनी एका रुग्णाचा हात हातात घेतला. बोटं आत वळून पंजा पक्ष्याच्या नखीसारखा झालेला. ‘जरा दाबून बघ’ म्हणाले. हातात जीव नसणार असा त्यांचा अंदाज होता. पण रुग्णाने असा दाबला की डॉक्टर कळवळले. दुखलं ते डॉक्टरांना, दाबणाऱ्याला पत्ताही नाही. त्या एका हस्तांदोलनात दोन गोष्टी ध्यानात आल्या. या हातातले सगळे स्नायू मेलेले नाहीत, म्हणजे चांगल्या स्नायूची कंडरा बंद पडलेल्याच्या जागी जोडून बोटं सरळ करता येतील. आणि अशा लाखो हातांकडे आजवर एकाही अस्थिशल्यतज्ज्ञाने नीट पाहिलेलं नाही.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 साली शोधला. तो शरीरातल्या थंड जागा पसंत करतो. नाक, कानाची पाळी, हातपाय आणि कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसा. नस सुजते, मरते आणि तिच्या हद्दीतला भाग बधिर होतो. हे ठाऊक होतं. पण बोटं झडतात का? सर्वांचा समज असा की रोगच मांस खातो. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक जखमेची उलटतपासणी सुरू केली. हा फोड कशाने आला? काल काय केलंस? चूल पेटवली? हातोडी धरली? जवळपास प्रत्येक जखमेला काहीतरी साधं कारण निघालं. एकदा भाजायला ठेवलेलं रताळं निखाऱ्यात पडलं, तर एका म्हाताऱ्याने विस्तवात हात घालून ते काढून दिलं, पळीने उचलावं इतक्या सहज. मात्र काही रुग्णांची बोटं रातोरात लहान व्हायची आणि त्याचं कारण लागेना. शेवटी रात्री पाळत ठेवल्यावर कळलं की उंदीर येऊन कुरतडत होते. झोपलेला माणूस हलायचासुद्धा नाही. त्यावरचा उपाय वैद्यकशास्त्राच्या कोणत्याच ग्रंथात नव्हता. रुग्णांना मांजरं वाटण्यात आली.

म्हणजे ज्याला जग देवाचा कोप समजत होतं, त्यातला बराच भाग उंदीर, चूल आणि खिळा यांचा होता.

देवाच्या कोपाची ही समजूत एकट्या भारताची नव्हती. आपल्याकडे गेल्या जन्मीचं पाप म्हणत, मध्ययुगीन युरोपात याच जन्मीचं. खुद्द बायबल या बाबतीत काय सांगतं ते पाहिलं तर गंमत वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस दिसताच शिष्य येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून पापी होती का? तिथेही उत्तर नाही असंच. आणि ईयोब? त्याचं सगळं गेल्यावर भेटायला आलेले मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. अख्ख्या पुस्तकात त्यांनी केलेली शहाणपणाची गोष्ट बहुधा ती एवढीच, कारण नंतर ते तोंड उघडतात आणि ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ हे फिरून फिरून सांगत राहतात. शेवटी देव बोलतो तेव्हा या मित्रांवरच रागावतो. ईयोबाला मात्र ‘का’ याचं उत्तर बेचाळीस अध्याय संपले तरी मिळत नाही. एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर ‘देवाची इच्छा’ म्हणून समजूत घालणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा वाचायला हरकत नाही.

‘का’ मिळत नसेल तर मग काय मिळतं? ब्रँड यांना त्याची चुणूक लंडनमध्ये एका रात्री मिळाली.

1950च्या दशकाची सुरुवात होती. अमेरिकेचा अभ्यासदौरा उरकून ते बोटीने इंग्लंडला उतरले. अंगात ताप, वर रेल्वेचा अवघडलेला प्रवास. मुक्कामाच्या खोलीत पलंगावर बसून त्यांनी मोजे काढले आणि एकाएकी जाणवलं की एका टाचेला स्पर्शच कळत नाहीये. सुई घेतली, टोचली. काही नाही. आणखी खोल टोचली, रक्ताचा ठिपका आला. तरी काही नाही. इतकी वर्षं कुष्ठरुग्णांत वावरलेल्या माणसाला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कपडे न बदलता ते तसेच पडून राहिले आणि मनाशी हिशेब मांडत राहिले. बायकामुलांपासून दूर राहावं लागेल. सर्जनचा हात जाईल. मुलाचं अंग कुरवाळताना काही कळणार नाही. पहाटे उठून त्यांनी पुन्हा सुई टोचली आणि कळ मस्तकात गेली. ते मोठ्याने ओरडले. प्रवासात पाय अवघडून नस दबली होती, एवढंच. त्यानंतर बोट कापलं, पाय मुरगळला, अगदी पोटात दुखलं तरी या माणसाच्या तोंडून आधी देवाचे आभार निघत.

नेमका असाच प्रसंग त्याच्या सत्तरेक वर्षं आधी पॅसिफिक महासागरातल्या मोलोकाई बेटावर घडला होता, पण त्याचा शेवट वेगळा झाला. हवाईच्या राज्याने कुष्ठरुग्णांना या बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडलं होतं, मागे उभे कडे आणि पुढे समुद्र. बेल्जियमचे फादर डेमियन तिथे 1873 साली पोचले, म्हणजे हान्सेन यांना जंतू दिसला त्याच वर्षी. त्यांनी घरं बांधली, पाणी आणलं, जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या. 1884च्या अखेरीस एकदा त्यांचा पाय कढत पाण्यात पडला. कातडीला फोड आले, पण चटका बसला नाही. त्यांना काय ते समजलं. पुढे सव्वाचार वर्षं काम करून 1889 साली ते तिथेच वारले. 2009 साली कॅथलिक चर्चने त्यांना संत घोषित केलं. ज्या माणसांचं दुःख त्यांनी अकरा वर्षं बाहेरून पाहिलं होतं, त्यात ते आता आतून होते.

‘बाहेरून’ आणि ‘आतून’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. संत पौलाने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला करिंथ शहरातल्या भांडकुदळ मंडळीला एक पत्र लिहिलं. आपण सारे मिळून एक शरीर आहोत, एका अवयवाला दुखलं की सगळ्यांनाच दुखतं, अशा अर्थाची त्यातली उपमा ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडते. इतकी की पुढे तिचं काही वाटेनासं होतं. ब्रँड यांनी ती सर्जनच्या नजरेने वाचली. त्यांच्या रुग्णांना आपले हातपाय आपले वाटत नसत. हात म्हणजे जोडलेलं अवजार. भाजला तर भाजला, तुटला तर तुटला. एखाद्या अवयवातली वेदना गेली की माणसाच्या मनातून तो अवयवच जातो. याचा अर्थ, शरीराची हद्द कुठे संपते हे कातडी ठरवत नाही, दुखणं ठरवतं. जिथवर मला दुखतं तिथवर मी आहे. हेच समाजाला लावून पाहिलं तर पौलाच्या जुन्या उपमेला धार येते. ज्यांच्या दुःखाने आपल्याला काहीच होत नाही, ती माणसं आपल्या शरीरातून कापली गेलेली असतात, कागदोपत्री ती आपलीच असली तरी. कुष्ठरुग्णांच्या बाबतीत तर हे दुहेरी घडलं. त्यांचे हात त्यांना बधिर आणि ते स्वतः गावाला बधिर.

याची कडू प्रचीती पहिल्या शस्त्रक्रियांनंतर लगेच आली. वाकडी बोटं सरळ झालेले तरुण आनंदाने घरी गेले आणि काही दिवसांनी पडेल चेहऱ्याने परत आले. बऱ्या हातांना भीक मिळेना आणि डाग गेले नसल्यामुळे काम कुणी देईना. आता ब्रँड यांच्या सुतारकामाचा उपयोग झाला. वेल्लोरमध्ये ‘नव जीव निलयम’ नावाचं छोटं केंद्र उभं राहिलं. तिथे ते रुग्णांना रंधा, करवत चालवायला शिकवत आणि बधिर हाताने पटाशी कशी धरायची तेही. 1955 साली जवळच करिगिरीला संशोधन रुग्णालय सुरू झालं.

याच काळातला एक प्रसंग ब्रँड यांच्या चरित्रात आणि पुस्तकांत येतो. रुग्णांची संध्याकाळची प्रार्थनासभा भरली होती. डॉक्टर उशिरा येऊन मागे बसले, तर त्यांनाच बोलायचा आग्रह झाला. तयारी काहीच नव्हती. समोर पाहिलं तर दिसले ते हात. बगलेत दाबलेले, पदराआड घेतलेले, मांडीखाली लपवलेले. मग ते हातांवरच बोलले. मी हातांचा डॉक्टर आहे, येशूचे हात बघायला मिळाले असते तर काय दिसलं असतं, असा त्यांचा सूर होता. आधी बाळाचे हात. मग सुताराचे, घट्टे पडलेले, करवतीने कापलेले. मग रोग्यांना शिवणारे. मग खिळे ठोकलेले. इथे सर्जन थांबला. हाताच्या त्या भागातून मधली मोठी नस जाते, तिच्यातून खिळा गेला तर बोटं आत वळणारच. म्हणजे वधस्तंभावरच्या येशूचे हात समोर बसलेल्या या माणसांच्या हातांसारखेच झाले असणार. आणि शेवटी पुनरुत्थानानंतरचे हात. नवं शरीर मिळालं तरी त्यावरचे व्रण राहिले, थोमा या शिष्याला बोट लावून बघता येतील असे. परिपूर्ण देहात हे व्रण कशाला हवेत? डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की माणसाचं दुखणं कायमचं आठवणीत राहावं म्हणून ते त्याने मुद्दाम ठेवले. बोलणं संपलं तेव्हा सभेतले सगळे हात हळूहळू बाहेर आले आणि जोडून उंच झाले. बोटं नसलेले, वाकडे, पट्ट्या बांधलेले. कुणी कुणापासून लपवत नव्हतं.

दुःखाचा ख्रिस्ती अर्थ या दृश्यात आहे, आणि तो बहुतेक प्रवचनांपेक्षा वेगळा आहे. दुःख चांगलं आहे, असं इथे कुणी म्हटलं नाही. ते कशासाठी आलं, हेही सांगितलं नाही. देव त्या दुःखाच्या आत आहे, बाहेर नाही, एवढाच दावा आहे. तो कुणाला पटेल, कुणाला नाही. पण दावा काय आहे, ते तरी नीट समजून घ्यायला हवं.

‘वेदना ही देणगी’ हे ब्रँड यांचं वाक्य पुढे फार गाजलं आणि फार बेफिकिरीने वापरलंही गेलं. कॅन्सरने तळमळणाऱ्याला ते ऐकवणं म्हणजे ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीला बसणं. खुद्द ब्रँड यांची सारी हयात दुखणी कमी करण्यात गेली होती. 1993 साली लेखक फिलिप यान्सी यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी कबूल केलं की ही कुणालाच नको असलेली देणगी आहे. ती कुणाला का नको असते, हे त्यांना एका फसलेल्या प्रयोगाने शिकवलं होतं. 1966पासून ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कारव्हिलच्या सरकारी कुष्ठरुग्णालयात होते. तिथे इंजिनिअर मंडळींना हाताशी धरून त्यांनी कृत्रिम वेदना बनवायचं ठरवलं. हातमोज्यात दाब मोजणारे संवेदक बसवले. दाब वाढला की कानात शिट्टी वाजायची. रुग्ण शिट्टीकडे दुर्लक्ष करून काम चालू ठेवत. मग दिवे लावले, त्यांचाही उपयोग होईना. शेवटी काखेत, जिथे संवेदना शाबूत होती तिथे, विजेचा झटका द्यायची सोय केली. आता मात्र लागायचं. पण एखादा घट्ट बोल्ट पिळायचा असला की रुग्ण हळूच बटण बंद करायचा, काम उरकायचा आणि बटण पुन्हा चालू करायचा! काही वर्षांनी प्रकल्प गुंडाळला गेला. आपल्या मर्जीने बंद करता येणारी वेदना कुणाचंच रक्षण करू शकत नाही, हे त्यातून कळलं. दुसऱ्याच्या दुःखाच्या बातम्या बघताना आपलंही बोट अशाच एका बटणावर असतं.

वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस यांच्याकडे असं बटण नव्हतं. कोचीनकडची ही तरुण डॉक्टर स्त्रीरोगशास्त्राकडे वळली होती. 1954 साली सहलीच्या गाडीला अपघात झाला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं शरीर गेलं. चेहऱ्यावर मोठा व्रण राहिला. ब्रँड यांनी तिला सांत्वनाचं काही सांगितलं नाही, काम सुचवलं. हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. चाकाच्या खुर्चीत बसून ती कुष्ठरुग्णांची बोटं सरळ करू लागली. वॉर्डातून खुर्ची फिरायची तेव्हा रुग्ण बघत राहत. आपल्याहून कमी हालचाल करू शकणारी बाई आपल्याला चालतं-फिरतं करते आहे, हे त्यांना औषधाइतकंच लागू पडे. पुढे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत शिकून आल्यावर तिने वेल्लोरमध्ये पुनर्वसन विभाग उभा केला. 1972 साली पद्मश्री मिळाली. आपला अपघात ही देवाची योजना होती की नव्हती, यावर वाद घालत बसायला तिच्याकडे फारसा वेळ नसावा.

ब्रँड यांची आई एव्हलिन यांचंही तसंच. मिशनने निवृत्त केल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या पुन्हा डोंगरात गेल्या आणि तट्टावर बसून वस्त्या-वस्त्या फिरत राहिल्या. 1974 साली गेल्या तेव्हा पंचाण्णव वर्षांच्या होत्या. मुलगा 2003 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला वारला.

या माणसाने मागे ठेवलेल्या गोष्टींत पुस्तकं आहेत, शस्त्रक्रियेच्या पद्धती आहेत आणि एक चप्पलही आहे. बधिर पायाला जखम होऊ नये म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल वेल्लोर-करिगिरीच्या मंडळींनी घडवली. ‘एमसीआर चप्पल’ म्हणून ती आजही सरकारी योजनेतून कुष्ठरुग्णांना मिळते. गरज संपलेली नाही. देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण सापडतात. त्यात महाराष्ट्रातल्या पालघर, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतलेही असतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन दाखवायचं, इतकंच.

कारव्हिलमध्ये असताना ब्रँड यांच्या लक्षात आलं की मधुमेहाच्या रुग्णांचे पायही अगदी याच रीतीने बधिर होऊन सडतात, आणि कुष्ठरुग्णांसाठी शोधलेले उपाय त्यांनाही लागू पडतात. हे वाचणाऱ्या कित्येकांच्या घरात साखरेचा आजार असेल. त्यांनी रोज रात्री उजेडात बसून तळपाय बघावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा, किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावं.